दारातल्या नळ्या

वडील गेले तेव्हा ताईच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या, वेल्डिंगचं दुकान आणि धाकटा भाऊ. दुकान तिने हळूहळू रुळावर आणलं. भाऊही तसा सरळ होता, फक्त सरळ रस्ता दिसला की त्याच्या पायाला खाज सुटायची.

आठवडाभर तो गोदामात माल चढवायचा आणि रविवारी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यतीला जायचा. शर्यत हौशी लोकांची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि श्वास रोखून धरावा एवढ्यात सगळं संपायचं. त्याच्या जुन्या गाडीत ताईने लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून वर नळ्या, बाजूने कोणी आदळलं तर दार अंगात घुसू नये म्हणून दारांत आडव्या नळ्या.

गाडी थोडक्यात हरायला लागली तसं त्याला वजनाचं वेड लागलं. मागची सीट गेली, गालिचा गेला, स्पीकर गेले, काचांच्या जागी प्लास्टिक आलं. दुकानाच्या कोपऱ्यात गाडीची आतडी साचली.

"अजून काय उरलंय काढायला?" ताईने विचारलं.

"दारातल्या नळ्या."

"त्यापेक्षा तुझी जीभ काढ. बरंच वजन कमी होईल."

तो हसला, पण विषय सोडला नाही. "बाजूने कोण येऊन धडकणारे मला? दोघंही सरळच तर जातो."

ताई नाही म्हणाली. चार दिवस घरात अबोला. मग एका संध्याकाळी जेवता जेवता तो सहज बोलल्यासारखं बोलला, "तू नाही केलंस तर दाढीवाल्याकडे नेतो गाडी."

दाढीवाला म्हणजे बाजारातला दुसरा वेल्डर. त्याचं काम ताईला माहीत होतं. गिऱ्हाईक म्हणेल ते तो कापायचा, आणि म्हणणार नाही तेही. त्याने हात लावला तर वरच्या नळ्याही राहायच्या नाहीत. आईने पोळी वाढता वाढता ताईकडे बघितलं. "तूच कर गं," ती म्हणाली. "परक्याच्या हाती नको." आईला त्यातलं काही कळत नव्हतं, तिला फक्त भांडण मिटायला हवं होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. ताईने सकाळी शटर अर्धंच वर घेतलं आणि नळ्या स्वतः कापल्या. कापलेली टोकं घासून गुळगुळीत केली, त्याच्या गुडघ्याला लागू नयेत म्हणून. ते करताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

एक आशा उरली होती. शर्यतीआधी गाड्या तपासणारा माणूस कडक होता. तो गाडी बाद करील, म्हणजे वाईटपणाही त्याच्याकडे जाईल. त्याने आत डोकं घातलं, पट्टे ओढून बघितले, वरचे जोड ठोकून बघितले.

"दारात काही नाही," ताई स्वतःहून म्हणाली.

"या वेगाच्या गाड्यांना सक्ती नाही, बाई," तो म्हणाला आणि काचेवर चिठ्ठी चिकटवून पुढे गेला.

पहिली फेरी धाकटा जिंकला. दुसऱ्या फेरीत शेजारच्या गाडीचं चाक घसरलं, ती आडवी झाली आणि थेट त्याच्या दारावर आली.

ताई धावत पोचली तेव्हा दार आत वाकून सीटला टेकलं होतं आणि त्यात त्याचा पाय, कंबर दबली होती. दार उघडायला यंत्र आणेपर्यंत कोणीतरी त्याची मान स्थिर धरायला हवी होती. दुसरं दारही पिळवटून बसलं होतं. ताई मागच्या खिडकीचं प्लास्टिक काढून आत शिरली आणि मागच्या सीटच्या रिकाम्या जागेत गुडघे मुडपून बसली. आपणच जोडलेल्या नळ्यांत अडकून, त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून. बाहेर माणसं पळत होती. तिला मात्र हलताही येत नव्हतं.

"ताई," तो पुटपुटला, "बोल की. सांगितलं होतं म्हण."

"हलू नकोस."

"पाय कळत नाहीये."

"आहे जागेवर. गप्प बस."

पाय जागेवर होता, पण कसा होता ते तिला दिसत होतं.

तो वाचला. कमरेचं हाड जुळायला फार वेळ लागला आणि काठी कायमची आली. ताईला कोणी एका शब्दाने बोललं नाही. आई तर येईल त्याला सांगायची, "ही आत शिरली म्हणून पोरगा हाती लागला." ताई उठून आत जायची.

एकदा तिने त्याच्याजवळ विषय काढलाच. "कापल्या मी."

"कापायला लावल्या कोणी? मीच ना?" तो म्हणाला. "सोड ना आता."

त्याने सोडलं होतं. तिला सोडता येत नव्हतं.

त्यात गावभर वेगळीच बातमी पसरली, की ताईच्या पिंजऱ्यात माणूस वाचतो. गिऱ्हाइकं यायला लागली. पिवळ्या गाडीवाला एक तरुण आला, नुकतंच लग्न झालेला. "पिंजरा करा ताई, पण दारात नळ्या नकोत. वजन होतं."

"मग मी करत नाही."

"दाढीवाल्याकडे जाईन मग."

"जा," ताई म्हणाली. या खेपेला ती मागे हटली नाही. तो गेल्यावर तिला वाटलं, सुटले. ते जेमतेम दुपारपर्यंत टिकलं. मग दाढीवाला त्या पिवळ्या गाडीतलं काय काय कापेल, ते तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं.

आता दर रविवारी ती धावपट्टीच्या कठड्याला येऊन उभी राहते. धाकटा गाडी चालवू शकतो, तोच तिला आणतो. शर्यत बघायला त्याचं मन होत नाही, तो आतच बसून राहतो. ऊन उतरलं की खिडकीतून हाक मारतो, "ताई, निघायचं का?"

"थांब जरा," ती वळून न बघता म्हणते. "ती पिवळी जाऊ दे."