वास बघ रे

दर हिवाळ्यात आम्ही तिघे मोटारसायकली काढून दोन रात्रींसाठी घराबाहेर पडायचो. मी सिरसाळ्यात राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. दुसरा परळीचा, त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान. तिसऱ्याचं युसूफ वडगाव या गावी खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाका मारायचो, परळी आणि वडगाव. मी आपला मास्तर.

लांब कुठं जायचं नाही, जिल्ह्यातच हिंडायचं, असं ठरलेलं. तंबू साधा, अंथरूण त्याहून साधं. पण जेवण असं की घरी सणालाही तसं होत नसे. ते सगळं परळीच्या हातात होतं. मोटारीच्या तारेचे गुंडाळे ज्या लाकडी पेटीतून येतात, त्यातली एक पेटी त्यानं गाडीच्या मागं कायमची बांधून टाकली होती. तिच्यात बिडाची कढई, तवा, आमटीसाठी भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची बरणी, काळा मसाला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर आणि तळाला गोवऱ्यांचे तुकडे. वांगी निखाऱ्यात खुपसून तो गाडी पुसायला जायचा आणि बरोबर वेळेला परत यायचा. घड्याळ नाही, काही नाही. म्हणायचा, "वांगं हाक मारतंय मला." वास यायचा त्याला, तीस पावलांवरनं.

जीभ मात्र फार वाईट, चवीची नव्हे, बोलायची. ढाब्यावर वाढणाऱ्या माणसाला तो सगळ्यांदेखत विचारायचा, "ही डाळ आज केलीया का मागल्या आठवड्यात?" वडगावच्या अंगाला दुकानातल्या औषधांचा वास असायचा. त्याला तर त्यानं चुलीजवळ कधी बसूच दिलं नाही. "बे, तिकडं सरक. फवारणी झाल्यावानी लागतंय समदं." वडगाव मुकाट लांब जाऊन बसायचा. आम्ही हसायचो. जेवण इतकं चांगलं असायचं की कुणी काही मनावर घ्यायचं नाही, निदान तसं दाखवायचं नाही.

कोरोनाच्या मोठ्या साथीत परळीला अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं होतं. बारा दिवसांनी घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचाच फोन आला, "निघायचं ना?" आम्ही निघालो. पहिला मुक्काम माजलगाव धरणाच्या फुगवट्याला, पाण्यापासून थोडं वर, करडईच्या रानाच्या कडेला.

संध्याकाळी चूल पेटली. वडगाव घाईत निघाला होता. जर्किनवर कसलंसं औषध सांडलेलं, मला दहा हातांवरनं मळमळायला लागलं होतं. तो सवयीनं लांब बसायला निघाला तर परळी म्हणाला, "कावून तिकडं चाललास? ये, बस की इथं." वडगाव खूश होऊन त्याच्या मांडीला मांडी लावून बसला. थोड्या वेळानं कढईतला कांदा करपला. धूर माझ्या नाकात गेला, वडगावच्या गेला. परळी कढईशेजारीच बसून शांतपणे लसूण सोलत होता. मग त्याची नजर गेली आणि त्यानं घाईघाईनं कढई उतरवली. नंतर भाजीचा चमचा वडगावच्या तोंडापुढं धरून म्हणाला, "मीठ बघ रे." इतक्या वर्षांत त्यानं कुणाला मीठ बघायला सांगितलं नव्हतं.

मला कळलं. कळल्यावर मला काय वाटलं ते खरंखरं सांगतो. मला आनंद झाला.

त्याला कारण होतं. साथीच्या आधी एकदा हे दोघं माझ्या घरी जेवायला आले होते. बायकोनं सकाळपासून राबून येसराची आमटी, भाकरी, ठेचा असं केलं होतं. परळीनं पहिल्याच घासाला ताट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "वैनी, आमच्यात म्हशीच्या आंबोणात बी मीठ घालतेत." वडगाव खो खो हसला. मीही हसलो. बायको आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. परळीचं ते वाक्य मी विसरलो नव्हतो. वर्गात मुलांसमोर फळ्यावर लिहितानाही मध्येच आठवायचं आणि कान गरम व्हायचे.

म्हणून त्या रात्री मी म्हणालो, "आज आमटी मी करतो, तुझ्यासारखी." पातेल्यात पाणी, ज्वारीचं पीठ आणि हळद घातली. मीठ नाही, येसर नाही, काही नाही. कढवलं आणि वाटीत घालून त्याला दिलं. त्यानं फुंकर मारून घोट घेतला, डोळे मिटले, जरा वेळ लावला.

"येसर थोडं कमी भाजलंय," तो म्हणाला. "जिरं लई फुडं आलंय. पर मास्तरच्या हातानं म्हणजे बरं हाय."

वडगावनं आपल्या वाटीतला घोट तोंडात घेतला आणि तिथंच थुंकला. मी त्याचा गुडघा दाबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, परळीकडं बघितलं, आणि त्यालाही कळलं. परळीनं अख्खी वाटी संपवली. तंबूत आम्ही दोघं तोंडावर पांघरूण घेऊन हसलो. सकाळी त्याच्या चहात मी साखरेऐवजी मीठ टाकलं. तो म्हणाला, "आज चहा जमलाय."

निघताना धरणावरच्या कोळ्याकडनं आम्ही तीन किलोचा रोहू घेतला. दुसरा मुक्काम धारूरच्या डोंगरात, वाटेत तेलगावला बर्फ घ्यायचा असं ठरलं होतं. तेलगावला हुरडा खात बसलो आणि बर्फ राहिला. मासा दिवसभर काळ्या पिशवीत, माझ्या गाडीच्या सायलेन्सरला टेकून. डोंगरात पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. मी पिशवी सोडली आणि तोंड फिरवलं. वडगाव चार पावलं मागं सरला.

परळीनं मासा उचलून कल्ले उघडले. आतला रंग मातकट झालेला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मासा नाकापाशी नेला, आम्हाला दाखवायला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"वास बघ रे मास्तर. कलर बरा वाटंना. ताजा हाय ना?"

या वेळी तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि तो मला विचारत होता. मी वाकून वास घेतला. मासा नासला होता.

"ताजा हाय," मी म्हणालो. "नुसता पाण्याचा वास येतोय. बिनधास्त टाक."

त्यानं मासा किती मन लावून केला म्हणून सांगू. तुकडे तीनदा धुतले, हळद-मीठ चोळलं, लसणाचा ठेचा भरला. तेलात मोहरी टाकून कढईवर कान नेऊन बसला. मग काळ्या मसाल्याचा रस्सा. भाकऱ्या थापल्या, चांगल्या टम्म फुगलेल्या. आम्हाला वाढून त्यानं स्वतःला घेतलं आणि जेवायला लागला. त्याचे चार घास झाले. मी मोजत होतो. वडगाव भाकरी मोडून नुसती चिवडत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. त्यानं ताटातले तुकडे झुडपात भिरकावले.

परळीचा हात थांबला. "तुमी कावून खाईनात?"

त्यानं वडगावकडं बघितलं, झुडपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडावर हसू होतं. ते मला आवरता आलं नाही, आणि खरं म्हणजे आवरायचंही नव्हतं.

"कवापासून माहीत हाय?" त्यानं विचारलं.

"काल रातीपासून," मी म्हणालो.

"म्हंजे आमटी..."

"पीठ होतं नुसतं. अन् चहात मीठ."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता ताट फेकून मारेल. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, माशात बुडवला आणि तोंडात घातला. माझ्याकडं बघत चावला, गिळला. पुन्हा मोडला. वडगाव ओरडला, "ए, सोड ते! मरशील!" परळीनं ताट मांडीवर ओढून घेतलं. वडगाव ते हिसकायला गेला तर त्यानं कोपरानं त्याला मागं ढकललं. ताटातले सगळे तुकडे त्यानं खाल्ले, काटे नीट एका बाजूला काढत, आणि उरलेला रस्सा ताट वाकडं करून प्यायला. एवढा वेळ त्याचे डोळे माझ्यावर होते. मी उठायला हवं होतं. मी बसून राहिलो.

तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. वडगावनं त्याला आपल्या गाडीवर मध्ये बसवलं, मी मागं बसून धरलं. घाट उतरेपर्यंत तो तीनदा माझ्या हातावर ओकला. धारूरला एक खासगी दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टरांनी सलाईन लावता लावता विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"मासा," परळीच म्हणाला. "तिघांनी बी खाल्ला. मलाच बाधला."

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि लिहून घेतलं.

पहाटे त्याला जरा बरं वाटलं. वडगाव बाकावर झोपला होता. परळी छताकडं बघत म्हणाला, "कावून केलंस?"

मी जेवणाची ती गोष्ट सांगितली. म्हशीच्या आंबोणाची.

"मी असं बोललतो?" तो म्हणाला. बराच वेळ आठवत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं. तो असं रोज कुणाला ना कुणाला बोलायचा. मग म्हणाला, "फोडणी आता कानानं करतो मी. मोहरीचा आवाज बंद झाला की कांदा टाकायचा. घरात बी कुणाला म्हाईत न्हाई. बायको सैपाक करती, मी तिला चुका सांगतो. रोज नवीन चूक शोधावी लागती."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स बाटली बदलायला आली आणि ते राहून गेलं.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिचा सूड घेतला, असंच काहीसं माझ्या मनात होतं. ती लसूण सोलत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं राहिलंच होतं," ती म्हणाली. "आत जाऊन बघितलं मी चाखून. त्याचं खरं होतं. तुमी हसलात, तेवढं ध्यानात हाय माझ्या." मग म्हणाली, "अन् नासका मासा खाऊ दिलात त्याला?"

मी मान डोलावली. ती उठून आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं, शेजारी ती नसायची.

पुढच्या हिवाळ्यात मला वाटलं आता कोण जातंय. पण परळीचा फोन आला, नेहमीसारखा. आम्ही तिघे गेलो. पेटी तीच, कढई तीच. स्वयंपाक त्यानंच केला, पण प्रत्येक गोष्ट आधी वडगावकडं जायची: तेल, कोथिंबीर, मटण, मीठ घातलेला रस्सा. वडगाव वास घ्यायचा, चाखायचा, मान हलवायचा, मग ते कढईत. जेवण उत्तम झालं होतं. माझ्या ताटातही सगळ्यांइतकंच वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळीनं चहाचं आधण ठेवलं. वडगाव डबा घेऊन रानात गेला होता. पाणी उकळलं, पत्ती पडली, साखर पडली. परळीनं दुधाची पिशवी कातरली आणि ती हातात धरून बसून राहिला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. पाणी आटत चाललं.

"आण, बघतो मी," मी म्हणालो.

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

"दूध चांगलं हाय," मी म्हणालो. "इथवर वास येतोय."

तो वडगाव गेलेल्या पायवाटेकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं वडगाव हात पुसत आला. परळीनं पिशवी त्याच्या नाकाखाली धरली. वडगावनं मान हलवली, दूध आधणात पडलं. तीन कप भरले. माझा कप त्यानं माझ्या हातात दिला नाही, दगडावर ठेवला. चहा फार कडक झाला होता. मी तो सगळा प्यायलो.