कोरड्या हौदाचा लाल

रंगाच्या बाबतीत मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं रंगखान्यात सगळे म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्याने मास्तर स्वतः म्हणत. ओल्या कापडाकडे एकदा बघून ते वाळल्यावर कसं दिसेल हे ते सांगायचे, आणि खरंच तसंच व्हायचं. त्यामुळे घरातसुद्धा त्यांच्यापुढे ब्र काढायची सोय उरली नव्हती.

त्यांची बायको त्याच रंगखान्यात दिवसभर अनवाणी उभी राहून कापड विसळायची. एका संध्याकाळी तिने पाय पुढे केले. घोट्यांभोवती मोहरीपेक्षा बारीक लाल ठिपके होते. दुखत नव्हते, खाजत नव्हते.

"अहो, हे काय आलंय बघा ना."

मास्तर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "आलंय कुठलं? उडालंय! आपला गडद लाल आहे तो. वजरीने घास, जाईल. इतकी वर्षं हौदावर काढलीस आणि शिंतोडा ओळखता येत नाही?"

तिला पटलं. रंगखान्यात कोणाचे पाय स्वच्छ असतात? कोणाच्या टाचा हिरव्या, कोणाची नखं निळी. रंगलेले पाय घेऊन डॉक्टरकडे गेलं तर लोक हसतील. ती रोज घासत राहिली आणि ठिपके नडग्यांवर चढत राहिले. मग काही न लागताच मांडीवर काळेनिळे डाग उठले. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा मास्तर म्हणाले, "ब्रश जरा हलक्या हाताने करावा माणसाने." कापडाचा धागा न् धागा बघणाऱ्या या गृहस्थाला बायकोकडे एकदा नीट बघायला काय धाड भरली होती, देव जाणे.

विसाव्या दिवशी तोंडातलं रक्त थांबेना. तिच्या शेजारीच विसळायला उभी राहणारी धाकटी जाऊ धावत आली. तिने पाय उजेडात धरून बघितले.

"भावोजी, लाल हौद तर दीड महिना कोरडा आहे. तुम्हीच बंद करवलात ना?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. लालला मागणी नाही म्हणून समोर उभं राहून त्यांनीच तो उपसून घेतला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काचेची पट्टी ठिपक्यांवर दाबून धरली. "साधं पुरळ दाबल्यावर बहुतेक फिकं पडतं. हे पडत नाहीये. हे कातडीखाली झिरपलेलं रक्त आहे. रक्त थांबवणाऱ्या पेशी फार कमी झाल्यात असं दिसतंय. आता डोक्यात रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल. कधीपासून आहेत हे ठिपके?"

"काल-परवापासून," मास्तर म्हणाले. क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले.

बाईंनी तसं लिहून घेतलं. बायकोच्या तोंडात कापसाचा बोळा होता, बोलता येत नव्हतं. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांची बोटं बाईंसमोर उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली.

बाईंनी लिहिलेलं खोडून वीस दिवस असं लिहिलं.

"हिला आत्ताच दाखल करावं लागेल. जवळ कोण राहणार?"

"मी आहे ना," म्हणत मास्तर पुढे सरसावले.

बायकोने मान दुसरीकडे वळवली आणि जावेचा हात घट्ट धरला.