बोटभर विसर्जन

वर्ध्यातील मुलींच्या एका वसतिगृहात मी दररोज सायंकाळी स्तोत्रपठण शिकवतो. लहान वयात फार सोसलेल्या या मुलींना देवाच्या नावाने घटकाभर शांत बसता यावे, एवढाच माझा हेतू. मुली मात्र माझ्याहून व्यवहारी. भाद्रपदी पौर्णिमेला त्यांनी फर्मावले, "आजोबा, स्तोत्रं पुरे. आता भुलाबाई मांडू." माती आली, भुलोबा-भुलाबाईच्या, म्हणजे शंकर-पार्वतीच्या, मूर्ती घडल्या, माझ्या पाठाचा अर्धा वेळ गाण्यांनी घेतला. गाणी संपली की खिरापत झाकून मला ओळखायला लावीत. साठ वर्षे शास्त्र वाचलेल्या माणसाला फुटाण्यांचा वास ओळखता येऊ नये, याचा त्यांना अपार आनंद होई.

भुलाबाई घडवली ती तळेगावकडून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने. आई गेल्यावर ती इथे आली. तेव्हापासून ना गात असे, ना रडत असे. तिची देवी एक गुडघा उभा करून, त्यावर हनुवटी टेकून बसलेली.

"बाळ, देवीचे हे आसन कोणत्याही ग्रंथात नाही," मी म्हटले.

"माय अशीच बसे."

मी ग्रंथाचा विषय सोडला.

कोजागिरीच्या सायंकाळी विसर्जनाची तयारी झाली, तेव्हा ती मुलगी मूर्तीपुढे वाट अडवून बसली. "नेऊ नाई देणार. एकदा पाठवलं न मायले. आता पुन्हा काऊन?"

विधी अपुरा ठेवणे माझ्या स्वभावात नाही; पण या पोरीसमोरून ती मूर्ती ओढून घेणेही मला शक्य नव्हते. सुदैवाने उत्तरपूजेचा नियम आठवला. "अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की विसर्जन झाले. पाण्यात नेण्याची घाई नाही."

"म्हणजे शास्त्रात पळवाट हाय!" मुलींमधली थोरली म्हणाली. "आजोबा, तुम्ही तं वकील निघाले!"

"किंचित म्हणजे किती?" भुलाबाईपुढून प्रश्न आला.

"बोटभर."

तिने मोजायला करंगळी धरली. बोट कोणते हे शास्त्र सांगत नाही, म्हणून मीही सांगितले नाही. अक्षता वाहून तिने मूर्ती सरकवली.

"गेली?"

"देवी गेली."

"अन् माय?"

थोरली तिला खेटून बसली. "माय इथंच हाय. तिले कोणी नेत नाई."

तेव्हा ती रडली, सर्वांदेखत, मोठ्याने. कोणीही तिला गप्प हो म्हटले नाही. थोड्या वेळाने एकीने भुलाबाईचे गाणे धरले, आणि शेवटच्या कडव्याला हुंदक्यांतून तिचाही आवाज मिसळला. तिचा ताल चुकला, असे मुली म्हणाल्या. मला तर त्या गाण्याचा ताल अद्याप कळलेला नाही.