हिरड्या पक्क्या होऊ देत

आईचे दात काढले तेव्हा मी सातवीत होते. वडील पंजाबातल्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यात आधीच लागले होते, आणि आम्ही दोघी अजून सांगलीकडच्या आमच्या गावातच राहत होतो. लहानपणापासून भाजक्या तंबाखूची मिश्री लावल्यामुळे आईचे दात जिभेनं ढकलले तरी डुलायचे. गावात दातांचं शिबिर आलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन-तीन खेपांत सगळे दात काढले आणि सांगितलं, "जखम भरली की कवळी बसवून घ्या."

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्याकडे त्या वाक्याचा अर्थ वेगळाच झाला. आत्या म्हणाली, "घाई करू नगं वैनी. वल्ल्या भिंतीला रंग धरतोय व्हय? हिरड्या चांगल्या पक्क्या होऊ देत, मग बसव." गावातल्या सगळ्याच बायका असं म्हणायच्या. जेवढं थांबाल तेवढी कवळी घट्ट बसते. आणि हिरड्या लवकर पक्क्या व्हाव्यात म्हणून दात गेल्यावरही आई रोज सकाळी मिश्रीच घासत राहिली. दुसरं काय घासायचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे आम्ही डेराबस्सीला आलो. गावाहून येणारं कुणी ना कुणी मिश्रीची पुडी आणायचं. वडील म्हणायचे, "या दिवाळीनंतर बघू." आई म्हणायची, "बघू की. तवर पक्क्या हुतील." भाकरी आमटीत बुडवून, मऊ करून खायची. शेजारची पंजाबी काकी चहाबरोबर कडक, खारी मठरी पुढे करायची, तेव्हा आई पदर तोंडाला लावून "बस जी, पेट भर गया" म्हणायची. घरी आल्यावर मला सांगायची, "माझ्या हिरड्या सुपारी फोडत्याल बघ आता." मी हसायचे. मला खरंच वाटायचं की तिच्या तोंडात काहीतरी घट्ट, मजबूत होत चाललंय.

चंदीगडच्या डेंटल कॉलेजात मला प्रवेश मिळाला. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात सांगतील ते सगळं मी अक्षर न गाळता लिहून घ्यायचे. दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाचा तास होता, तेव्हाही तसंच लिहीत होते. जबड्याचं मूळ हाड वेगळं आणि त्याच्यावर दातांसाठी उभी राहिलेली कड वेगळी. दाताचं मूळ तयार होताना, दात वर येताना, त्याच्याभोवती ही कड तयार होते. ज्यांना जन्मतः दातच नसतात त्यांच्यात ती नीट होतच नाही. बाहेरून आणि आतून हाडाचा एकेक कडक पापुद्रा, मध्ये जाळीदार हाड, आणि दाताला लागून एक पातळ भिंत, चाळणीसारखी भोकं असलेली. दाताच्या मुळापासून निघालेले बारीक धागे या भिंतीत रुतलेले असतात. हाडाचा दोन-तृतीयांश भाग खनिज, बाकी प्रथिनांचे धागे आणि पाणी. काही पेशी ते हाड सतत पोखरतात आणि काही भरत राहतात. आपण चावतो तेव्हा धागे ताणले जातात, आणि त्या ताणामुळे हाडाची डागडुजी चालू राहते.

मग शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की दात गेला की या हाडाचं काम संपतं. ते झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. ते परत येत नाही.

हे वाक्यसुद्धा मी लिहून घेतलं. अर्थ नंतर कळला.

संध्याकाळी घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"आगं, हाडं काय कुठं जात्यात व्हय? मेल्यावर जाळलं तरी ऱ्हात्यात."

"हे जातं आई. दात नसले की जातं."

"मग इतकी वर्सं मी काय पक्कं करत बसलेली?"

तिनं परातीकडे बघितलं आणि पुन्हा मळायला लागली. मळता मळताच म्हणाली, "तुझ्या मावशीच्या पोरीचं लगीन हाय मे महिन्यात. तवर तरी हुतील का दात? पंगतीत बसीन म्हंते एकदा."

मी म्हटलं, "होतील." एवढं तरी माझ्या हातात आहे, असं वाटलं.

तिला कॉलेजात नेलं. चांगली साडी नेसून, केसांना तेल लावून ती बसमध्ये बसली. कवळीच्या विभागात मोठे सर आले. "माताजी, मुँह खोलिए। शाबाश।" त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना जवळ बोलावलं. मग इंग्रजीत बोलू लागले. खालची कड पूर्ण सपाट झाली आहे, अशी केस पुस्तकातही सापडणार नाही, सगळ्यांनी बोट लावून बघा. एकामागून एक हातमोजे आईच्या तोंडात जात होते. एक मुलगा म्हणाला, "यार, कुछ बचा ही नहीं।" सर म्हणाले, "ब्यूटिफुल केस।" तेवढा शब्द आईला कळला. तिनं तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सायेब चांगलं म्हणलं ना गं? घासत ऱ्हायले त्याचा उपेग झाला बघ."

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. बसस्टॉपवर, माणसांत. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं का, मला अजून ठरवता येत नाही.

सरांनी दुसरा मार्गही सांगितला होता. कमरेचं हाड काढून जबड्यात बसवायचं, मग त्यात स्क्रूचे दात. आईनं ऐकूनच हात जोडले. "कमरंचं तोंडात? नगं बाई."

कवळी झाली. वरची छान बसली. खालचीला धरायला कडच नव्हती. बोलताना ती उचलायची, घास घेतला की सरकायची, खाली हिरडीला जखम करायची. टोचायची तिथे मी ती घासून घेतली, चिकटवायची पावडर आणली, पुन्हा माप घेतलं. आई दर वेळी म्हणायची, "आता बरी हाय." आणि जेवायच्या आधी काढून ठेवायची.

लग्नाला आम्ही गावी गेलो. दोन्ही कवळ्या घालून आई मांडवात आली. मावशी म्हणाली, "आगं बया, तरणी झालीस की!" आई हसली, पण तोंड घट्ट मिटून, खालची जिभेनं दाबून धरून. पंगत बसली तशी तिनं पदर खोचला आणि भाताची परात उचलली. कुणी म्हणालं, "तू बस की, पोरी वाढतील." ती मान हलवून पुढे गेली. मग कुणी पुन्हा म्हटलं नाही. वाढणाऱ्या बाईला जेवायचा आग्रह कोण करतं?

शेवटची पंगत उठेपर्यंत ती वाढत राहिली. मी पानावर बसले होते. तिनं माझ्या पानात भात वाढला, वर तूप सोडलं. मला भूक लागली होती. मी चावून चावून जेवले.