माईक नसलेला ढोल

पेनड्राइव्हच्या टोपणावरचा भंडाऱ्याचा पिवळा डाग दिसला, की बारामतीच्या सभागृहातली ती दुपार आठवते. धनगरी ओव्यांचा कार्यक्रम होता आणि मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग करायची माझी पहिलीच वेळ होती. सणसरहून आलेले ढोलवाले आबा आधीच म्हणाले होते, "पोरी, खांदा आता उचलत न्हाय. हे शेवटचं वाजवणं. नातवाला ऐकवायचं हाय. मला माईक न्हाय व्हय?" मी हसले, "आबा, तुमचा ढोल पार इंदापुरापर्यंत जातोय, माईक कशाला?" आणि ढोल असा घुमला की पायाखालची फरशी थरथरली. मिक्सरमधून फक्त माईकवर आलेला आवाज उतरतो, एवढं साधं मला ठाऊक नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह आबांना दिला आणि तेच ऐकायला त्यांनी हेडफोन लावला. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली आणि मध्येच थांबली. "गाणारी समदी हायती. मी कुठं हाय?" माझ्या पिशवीत, ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही त्यांच्या बाजूनं मीच लिहिलेली पत्रकं होती. तरी मी म्हणाले, "मशीन बिघडलं, आबा." भंडारा माखलेल्या बोटांनी त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात परत ठेवला आणि उलट माझीच समजूत काढली, "असूंदे, मशीनला काय कळतंय?" सणसर इथून अर्ध्या तासावर आहे. मशीन चांगलं होतं, एवढंच सांगायला मी अजून तिथं गेलेले नाही.