आईनं निंदलेला चौकोन

ज्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हातची जायची, त्या वर्षी आईचं निंदणही जायचं. पीकच नाही तर तण काढायला बाई कोण बोलावणार? मग आई जंगलात शिरायची आणि तरोटा, केना, कुर्डू अशा रानभाज्या ओटीत भरून आणायची. झरी जामणीकडच्या आमच्या गावात अशी कितीतरी वर्षं सलग गेली. तरी आईनं माझं कॉलेज थांबवलं नाही.

आई गेली त्याला आता दीड महिना झाला. लोक तिच्या कष्टांबद्दल बोलतात. मला मात्र तिची एक चूक सांगायची आहे.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्प होता. सुतळीचे दोन चौकोन आखायचे, एक कपाशीत, एक नाल्याकाठच्या जंगलात, आणि पावसाळाभर त्यांतल्या वनस्पतींच्या जाती मोजायच्या. कपाशीत चारच निघाल्या. जंगलातली शेवटची मोजणी तेवढी राहिली होती. ती चुकली तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं तर मीही निंदणाला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोजणीच्या दिवशी सकाळी जाऊन पाहते तर जंगलातला चौकोन लख्ख! आत नुसती माती. आई शेजारी विळा घेऊन बसलेली.

"माय, हे काय केलं वं?"

"तुह्या चौकोनात लय कचरा माजलता. म्या निंदून टाकला. आता मोजाले सोपं जाईन तुले."

"आवं, तो कचराच तं मोजाचा होता मले!"

आई उठली. उपटलेला ढीग तिनं बांधावर टाकला होता. तिनं पोतं अंथरलं आणि एकेक रोप वेगळं करत, नाव घेत मांडत गेली. भुईआवळी, माका, आघाडा, चिकाची दुधी... दोन तर माझ्या पुस्तकातही नव्हती. एकवीस जाती भरल्या. प्रकल्पाचे सर आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, मुळासकट आहेत, ओळख पक्की झाली.

त्यांनीच शिकवलं होतं की विषुववृत्ताजवळ जीवजाती जास्त असतात, ध्रुवांकडे कमी होत जातात. कारणं ऊन, ओल, शिवाय हिमयुगात उत्तरेत बर्फाचे थर सरकले आणि जमीन खरवडून गेले. हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ऊन तं वावरातही तेवढंच पडते. मंग तिथं चारच कायले?" थोडा वेळ विळ्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिली. "वावर आपण दरसाल नांगरतो. तिकडं बर्फानं नांगरलं असंन."

हे पूर्ण उत्तर नाही. शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण तोंडी परीक्षेत मी तिचं नाव घेऊन तेच सांगितलं, आणि परीक्षकांनी पेन खाली ठेवून विचारलं, "आई काय करतात?" मी म्हटलं, "निंदण."

ती सुतळी आईनं डब्यात जपून ठेवली होती, चार खुंट्यांसकट. परवा घर आवरताना सापडली. गाठींत अजून माती आहे.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. गेल्या वर्षी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाले. प्रबंधात प्रत्येक शास्त्रीय नावाखाली आईनं सांगितलेलं नाव छापलेलं आहे.