गेलाच तो

मी आणि माझा मित्र नाशिकच्या गोल्फ कोर्सवर एकाच वर्षी खेळायला लागलो. माझा बॉल होलपासून वीतभर राहिला, की तो "राहू दे यार, गेलाच तो," म्हणत उचलून माझ्या हातात द्यायचा. स्वतःचा मात्र बोटभर अंतरावरचाही निरखून मारायचा. मला ते नाटक वाटायचं.

परवा तो हौशी स्पर्धा सोडून प्रोफेशनल झाला. मिसळ खाताना बाबा मला म्हणाले, "सुरुवात दोघांनी बरोबरच केली होती." रस्सा एकदम तिखट लागला.

काल तो सवयीनं माझा बॉल उचलायला वाकला. "थांब, मी मारतो," मी म्हटलं. वीतभरच अंतर. बॉल होलच्या कडेवरून निसटला.

वर पाहिलं, तर तो बुटाची लेस बांधत होता. लेस सुटलेली नव्हती. हेही त्यालाच जमतं.